कोस्टरसाठी क्रॉस स्टिच : नक्षी निवडताना

थंड सरबताचा पेला टेबलावर ठेवला, की थोड्याच वेळात त्याच्या बुडाशी पाण्याचे वर्तुळ उमटते. लाकडाच्या पॉलिशवर ते पांढरट डाग होऊन अनेकदा कायमचे राहते. हा डाग टाळण्यासाठी पेल्याखाली ठेवावयाची छोटी चौकोनी वा गोल बैठक म्हणजे कोस्टर. भरतकामाची आवड असणाऱ्या अनेकींना क्रॉस स्टिचचा हात बसवण्यासाठी ही वस्तू सोयीची वाटते. कापड थोडे लागते, धागा थोडा लागतो आणि सहांचा संच भेट देण्यासही चांगला दिसतो.

तरीही असे पुष्कळ संच टेबलावर येतच नाहीत. काही पहिल्याच धुण्यात रंग सुटून वाया जातात. काहींवर पेला डगमगतो, म्हणून ते बाजूला पडतात. काही ‘खराब होतील’ या भीतीने कपाटात जपून ठेवले जातात. यांपैकी बहुतेक चुका टाके घालताना होत नाहीत; त्या नक्षी निवडताना होतात. भिंतीवरची तसबीर केवळ पाहण्यासाठी असते, कोस्टर मात्र भिजतो, मळतो, धुतला जातो आणि त्याचा मधला भाग बहुतेक वेळ झाकलेलाच असतो. हे चार गुण ध्यानात ठेवून नक्षी निवडली, तर केलेले श्रम कामी येतात.

आधी माप, मग नक्षी

क्रॉस स्टिच हे मोजणीचे भरतकाम आहे. कापडाच्या प्रत्येक घरात एक फुली घालायची आणि फुल्यांच्या गणितातून आकृती उभी करायची, एवढेच त्याचे तत्त्व. म्हणून नक्षी किती मोठी होईल हे कापडावर ठरते. आयडा कापड ११, १४, १६, १८ अशा काउंटमध्ये मिळते. काउंट म्हणजे एका इंचात येणारी घरे. नेहमीच्या मॅटी कापडावर काउंट लिहिलेला नसेल, तर फूटपट्टी ठेवून एका इंचातील घरे मोजून घ्यावीत.

१० सेंटीमीटरच्या चौकोनी कोस्टरवर १४ काउंटच्या कापडाची सुमारे ५५ घरे बसतात. कडेला तीन-तीन घरे मोकळी सोडली, तर नक्षीसाठी ४९ घरे उरतात. त्याच मापात ११ काउंटवर एकूण ४३, तर १८ काउंटवर सुमारे ७० घरे मिळतात. तक्त्यावर नक्षीची लांबी-रुंदी घरांत दिलेली असते. ती काउंटने भागली, की तयार नक्षीचे माप इंचात मिळते. ८० घरांचा गुलाब १४ काउंटवर साडेपाच इंचांहून मोठा होतो. तो कोस्टरवर मावणारच नाही, हे भरायला बसण्यापूर्वी कळलेले बरे.

गोल कोस्टरचा हिशेब आणखी काटेकोर आहे. ८ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात बसणारा सर्वांत मोठा चौकोन साडेपाच सेंटीमीटरच्या जरासाच वर असतो. म्हणजे १४ काउंटवर जेमतेम ३१ घरे. चौकोनी नक्षी गोल कोस्टरवर घेतली, की कोपरे कापले जातात ते यामुळेच. गोलासाठी आठ पाकळ्यांचे फूल, चांदणी किंवा मधून पसरणारी जाळी अशी नक्षी अधिक शोभते.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे सम-विषम संख्या. मध्यावर एक फुली असलेल्या समतोल नक्षीला विषम घरे लागतात. ४९ घरांच्या जागेत ४८ घरांची नक्षी घेतली, तर ती एका बाजूला एका घराने सरकते. मोठ्या चित्रात हे लक्षात येत नाही. कोस्टरच्या अरुंद कडेवर मात्र ते लगेच डोळ्यांत भरते.

पेल्याखाली काय झाकले जाते

साधारण पेल्याचे बूड सहा सेंटीमीटर धरले, तर १० सेंटीमीटरच्या कोस्टरवर चहूबाजूंनी दोन सेंटीमीटरची पट्टी उघडी राहते. १४ काउंटवर ही पट्टी ११ घरांची होते. कडेची मोकळी जागा वजा जाता नक्षीसाठी आठ घरे उरतात. पेला ठेवलेला असताना पाहणाऱ्याला दिसणार आहे ते एवढेच. चौकोनाच्या कोपऱ्यांत मात्र जागा बरीच असते. पेल्याच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंत तिरपे अंतर सुमारे चार सेंटीमीटर भरते.

यावरून निवडीच्या दोन वाटा दिसतात. पहिली वाट कडेची : बारीक काठ, चार कोपऱ्यांत चार बुट्टे आणि मधला भाग मोकळा. दुसरी वाट मधल्या आकृतीची : पेला उचलल्यावरच दिसणारे छोटे फूल, पक्षी किंवा अक्षर. दोन्ही चांगल्या आहेत. फसते ती मोठ्या चित्राची छोटी केलेली प्रतिकृती. माणसाचा चेहरा, निसर्गदृश्य, छायाचित्रावरून संगणकाने काढलेला तक्ता यांना रंगछटा पुष्कळ लागतात आणि पन्नास घरांत त्या छटा ओळखूच येत नाहीत. शिवाय पेला ठेवला, की चित्राचा उरलासुरला अर्थही झाकला जातो.

निवड पक्की करण्याची सोपी रीत अशी : जाड कागदात कोस्टरच्या मापाची खिडकी कापावी, ती प्रत्यक्ष आकारात काढलेल्या नक्षीवर ठेवावी आणि मध्यभागी घरातला रोजचा पेला ठेवून पाहावे. उरलेला भाग पाहवत असेल, तर नक्षी योग्य आहे.

वेळेचा हिशेब

४९ गुणिले ४९ घरांचा चौकोन पूर्ण भरायचा झाला, तर एका कोस्टरला २,४०१ फुल्या पडतात. तासाला शंभर फुल्यांचा वेग धरला, तर एकाला २४ तास आणि सहांच्या संचाला १४४ तास लागतील. त्याऐवजी एका ओळीचा काठ घेतला, तर त्याला १९२ फुल्या लागतात. चार कोपऱ्यांत चाळीस-चाळीस फुल्यांचे बुट्टे घातले, तर एकूण ३५२ फुल्या होतात. म्हणजे एकाला साडेतीन तास आणि संपूर्ण संचाला २१ तास.

हा फरक केवळ सोयीचा नाही. १४४ तास खर्चून केलेली वस्तू ओल्या पेल्याखाली ठेवण्यास कोणाचेही मन धजत नाही. ती कपाटात जाते आणि टेबलावरचे डाग पडतच राहतात. विक्रीसाठी कोस्टर करणाऱ्या बचत गटातील महिलांना तर हा हिशेब आधीच करावा लागतो; कारण ग्राहक कोस्टरची किंमत देतो, तसबिरीची नव्हे. विक्रीसाठी दुसऱ्याने रेखाटलेला तक्ता वापरायचा असेल, तर त्या रेखाटनकाराची परवानगी आहे ना, हेही पाहून घ्यावे.

नमुने कोठून घ्यावेत

छोट्या बुट्ट्यांचा सर्वांत जवळचा आणि समृद्ध साठा म्हणजे कसुती. उत्तर कर्नाटकातील, विशेषतः धारवाड-हुबळी परिसरातील हे भरतकाम इरकली लुगड्यांवरून दक्षिण महाराष्ट्रातही परिचित आहे. कसुतीत नक्षी कापडावर छापत नाहीत. धागे मोजून टाके घालतात. तिचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गावंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यांतील मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांवरून नाव पडलेला फुलीचाच टाका. गावंती आणि मुर्गी हे रेषेचे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात आणि त्यांत गाठ मारत नाहीत. कोस्टर सपाट बसावा यासाठी हा गुण फार उपयोगाचा आहे. बाह्यरेषा गावंतीने आणि भराव फुलीने, अशी जोडणी सहज करता येते. हत्ती, मोर, पोपट यांचे कसुती बुट्टे थोडक्या घरांतही स्पष्ट ओळखू येतात.

ठिपक्यांची रांगोळी हा दुसरा साठा. मात्र सगळ्याच रांगोळ्या चालत नाहीत. ज्यांचे ठिपके उभ्या-आडव्या सरळ ओळींत एकाखाली एक असतात, त्या कापडाच्या घरांवर थेट उतरतात. ज्यांत दोन ठिपक्यांच्या मध्ये पुढच्या ओळीचा ठिपका येतो, त्यांच्या रेषा घरांत नीट बसत नाहीत. वळणदार रांगोळीचीही तीच गत. फुलीच्या कामात उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांच्या तिरप्या रेषा स्वच्छ येतात. बारीक गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची दिसते.

येथे आपल्या घरातील एक संकेत पाळणे इष्ट. लक्ष्मीची पावले, ओंकार, स्वस्तिक, तुळशीवृंदावन ही चिन्हे दिसायला सुबक असली आणि घरांतही छान बसत असली, तरी उष्टा पेला त्यांवर ठेवणे अनेकांना रुचत नाही. भेट देताना तर ती टाळलेलीच बरी. त्यांची जागा तोरणावर किंवा ताटावरच्या रुमालावर अधिक योग्य.

युरोपातही या कामाचे जुने नमुने पुष्कळ आहेत. पूर्वी तेथे टाके आणि बुट्टे लक्षात राहावेत म्हणून कापडाच्या तुकड्यावर ते भरून ठेवण्याची पद्धत होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जेन बॉस्टॉक हिचा नमुनापट १५९८ सालचा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात बर्लिनहून चौकटीच्या कागदावर छापलेले रंगीत तक्ते सर्वत्र पोहोचले आणि मोठी चित्रे भरण्याची लाट आली. कोस्टरसाठी त्या मोठ्या चित्रांपेक्षा जुन्या नमुनापटांतील सुटे बुट्टेच अधिक उपयोगी पडतात.

रंग आणि डाग

कोस्टर सतत भिजणार असल्याने पक्क्या रंगाचाच धागा घ्यावा. लाल, तपकिरी-लाल, गडद निळा आणि काळा हे रंग विशेषतः तपासून घ्यावेत. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवावा आणि त्यावरून गरम इस्त्री फिरवावी. घडीवर रंग उतरला, तर तो धागा कोस्टरला वापरू नये.

पांढऱ्याशुभ्र कापडावर नक्षी उठून दिसते. पण पहिल्याच आठवड्यात चहाचे वर्तुळही तितकेच उठून दिसते. बदामी, फिकट तपकिरी किंवा राखाडी पार्श्वभूमी घेतली, तर रोजचा वापर निर्धास्तपणे करता येतो. काही भरतकाम करणाऱ्या मंडळी तर कापड मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट रंगाचे करून घेतात. धुण्यात तो रंग थोडा उतरत असला, तरी कोस्टरसाठी याहून समर्पक पार्श्वभूमी सुचणे कठीण. रंगांची संख्या तीन ते पाचांवर नेऊ नये. संपूर्ण संचाला लागणारा धागा एकदमच घ्यावा. नंतर घेतलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघू शकते.

सपाटी आणि मागची बाजू

पेला डगमगू नये, यासाठी नक्षीत उंचवटे नसावेत. मणी, टिकल्या, गाठीचे टाके आणि जाड जर हे सारे कोस्टरवर वर्ज्य समजावे. ज्या तक्त्यात वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या फुल्या विखुरलेल्या असतात, तोही टाळावा. प्रत्येक सुट्या फुलीमागे धाग्याची दोन टोके अडकवावी लागतात आणि मागची बाजू गुठळ्यांची होते. सलग रंगाचे पट्टे असलेली नक्षी मागूनही सपाट राहते.

१४ काउंटवर सहापदरी धाग्याचे दोन पदर पुरतात. ११ काउंटवर तीन घ्यावेत. सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने जावा. पूर्ण झाल्यावर मागे सुती अस्तर, मधे पातळ सुती थर आणि खाली फेल्ट किंवा बुचाचा पत्रा लावता येतो. सुती कोस्टर पेल्याचे पाणी शोषून घेतो, हा त्याचा मोठा गुण. पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यात बसवलेली नक्षी भिजत नाही, त्यामुळे तेथे १८ काउंटचे नाजूक काम आणि पांढरे कापड खुशाल वापरावे. मात्र पाणी वर साचते आणि पुसावे लागते.

संचाचा विचार

सहाही कोस्टर हुबेहूब सारखे करावेत असा नियम नाही. काठ एकच ठेवून प्रत्येकावर वेगळा बुट्टा घेतला, तर काम कंटाळवाणे होत नाही आणि पाहुण्यांना आपला पेला कोणता, हेही ओळखता येते. आरंभी एकच कोस्टर पूर्ण करावा, आठवडाभर वापरावा, एकदा धुवावा आणि मगच उरलेले पाच हाती घ्यावेत. माप आटले, रंग फुटला किंवा पेला हलला, तर चूक एकाच तुकड्यावर निभावते. रोजच्या चहा-सरबताला निःशंकपणे वापरला जाणारा साधा काठाचा कोस्टर हा कपाटात जपलेल्या गुलाबापेक्षा भरणाऱ्या हातांचे अधिक सार्थक करतो.