अंतर तेच, वेळ वेगळी

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरू या. तो जवळजवळ सगळाच रशियावरून जातो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे ७,८०० किलोमीटर. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते आणि मुलांना ती लांबची वाटते; म्हणून दोरा त्यांच्याच हाती द्यावा.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेनऊ तासांचे. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर साडेनऊ. पण १९८३ साली फिनएअर कंपनीने या दोन शहरांमध्ये न थांबता जाणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या डीसी-१० विमानाला सुमारे तेरा तास लागत. विमान मंद नव्हते. शीतयुद्धाच्या त्या काळात सायबेरियावरून जाण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे उत्तर ध्रुव, मग बेरिंगची सामुद्रधुनी, मग पॅसिफिक महासागर, असा मोठा वळसा पडे.

शीतयुद्ध ओसरले, सरळ वाट मिळाली, आणि आशियाकडे जाण्याचे जवळचे ठाणे म्हणून हेलसिंकीची भरभराट झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघ आणि रशिया यांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. प्रवास पुन्हा तेरा तासांवर गेला. काही उड्डाणे दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली, काही ध्रुवावरून; आणि १९८३ प्रमाणेच ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांच्या हाती पडू लागले.