हस्तलिखिताचा पत्ता

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आम्हां मराठीच्या शिक्षकांना ठाऊक असते ते बहुधा भर्तृहरीमुळे. १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत त्यांनी सिद्ध केलेली शतकत्रयाची पाठचिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी त्यांनी देशभरातील शेकडो पोथ्या धुंडाळल्या, त्यांची घराणी लावली आणि कोणता श्लोक भर्तृहरीचा मानावा, कोणता संशयित, कोणता उघडच मागाहून घुसलेला, याची वर्गवारी केली. पुढे वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादिलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत निघाला. आदल्याच वर्षी भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ आला होता. या साऱ्या उद्योगात एक गोष्ट सहज नजरेआड होते. हा मनुष्य पोटापाण्यासाठी गणिती होता, आणि आयुष्यभर त्याच्या हातून आणखी एका प्रकारची हस्तलिखिते तयार होत होती. तीन-चार पानांपासून पंधरा पानांपर्यंतची, समीकरणांनी भरलेली, कुठल्या ना कुठल्या नियतकालिकाच्या संपादकाच्या नावाने टपालात पडणारी.

प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी हस्तलिखिते हा आहे. त्यांतील गणिताचे मोल ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु शोधनिबंध हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला संकेत आहेत, संपादक आहे आणि मुख्य म्हणजे एक अभिप्रेत वाचक आहे. लेखक निबंध कोणत्या पत्त्यावर धाडतो, तिथेच तो आपला वाचक निवडून बसलेला असतो. कोसंबींच्या बाबतीत ही निवड कधी फळली, आणि एकदा फार महागात पडली.

अशा निबंधांसाठी आपल्याकडे पत्ता उपलब्ध झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टराने १९०७ साली गणितप्रेमींची एक मंडळी जमविली. तीच पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली. या संस्थेचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि त्या काळी तिथे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. विलायतेहून येणारी गणिताची नियतकालिके आधी पुण्यात उतरत आणि तिथून सभासदांकडे टपालाने फिरत. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला मोठा निबंध छापून आला. तो सहजी आला नाही. लेखन इतके त्रोटक आणि पद्धत इतकी नवी, की संपादक नारायण अय्यंगार यांना ते हस्तलिखित वारंवार लेखकाकडे परत पाठवावे लागले. रामानुजनच्या प्रतिभेची कथा सांगताना हार्डींना धाडलेल्या पत्राचा प्रसंग सारे रंगवतात. बंगळूरच्या या चिकाटीच्या संपादकाचे नाव मात्र क्वचितच निघते. प्रतिभावंताला वाचकाच्या पायरीवर आणून उभे करणारा माणूस तो होता.

कोसंबी हार्वर्डहून १९२९ साली परतले, बनारसला दोन वर्षे शिकवून अलीगढला गेले. तिथे आंद्रे वेइल हा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्याच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एक खोडी काढली. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांताचे सामान्यीकरण’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध दिला. त्यातील डी. बुर्बाकी हा रशियन गणिती सर्वस्वी काल्पनिक. एका सहकाऱ्याची जिरवणे एवढाच हेतू. पुढे वेइल आणि त्याच्या मित्रांनी ‘निकोला बुर्बाकी’ या सामूहिक टोपणनावाने गणिताची पुनर्मांडणी केली. त्या नावाचा छापील गणितातील पहिला उल्लेख कोसंबींच्या या थट्टेत सापडतो. गंमत म्हणून हे ठीक. पण संपादकाने डोळे झाकले तर छापील पानावर न जन्मलेला माणूसही प्रमाण ठरतो, हे चोविसाव्या वर्षी कोसंबींनी स्वतःच दाखवून दिले होते, याची नोंद पुढच्या हकिकतीसाठी ठेवावी.

याच्या अगदी उलट अनुभव दोनच वर्षांनी आला. १९३३ साली जर्मनीतील ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात त्यांचा पथ-अवकाशांच्या भूमितीवरील निबंध प्रसिद्ध झाला. तो संपतो तिथून पुढच्याच पानावर एली कार्तान या फ्रेंच गणितीचे त्या निबंधावरील टिपण सुरू होते. भूमितीच्या क्षेत्रात त्या काळी कार्तानहून मोठे नाव शोधूनही सापडले नसते. लेखक सव्वीस वर्षांच्या आतबाहेरचा, त्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये शिकवायला रुजू झालेला. निबंध योग्य माणसाच्या हाती पडला आणि त्या माणसाने तो नुसता पास-नापास न करता आपल्या लेखणीने पुढे नेला. पुढे चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा विषय कोसंबी-कार्तान-चर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो. टीका आणि मूळ संहिता एकाच बासनात बांधलेली असावी, तसा तो अंक आहे.

महायुद्धाच्या काळातील दोन निबंधांचे दैवही असेच निरनिराळे. १९४३ चा एक ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात आला. त्यातील मूळ कल्पना काही वर्षांनी कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि जगभर ती त्यांच्याच नावांनी रूढ झाली. युद्धाच्या धुमाळीत मद्रासचे नियतकालिक युरोपात कोण वाचणार होते? दुसरा १९४४ चा, जेमतेम चार पानांचा. तो लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये छापला गेला. संपादक होते आर. ए. फिशर. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर कसे मोजावे याचे एक सूत्र त्यात होते. आजही भात-गव्हाच्या जनुकांचे नकाशे करणारे कृषी विद्यापीठांतील विद्यार्थी ‘कोसंबी फलन’ वापरतात. हा कोसंबी भर्तृहरीचाही संपादक होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असावे.

आता १९५९. कोसंबी १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्याहून दख्खनच्या राणीने जाणे-येणे, सुट्टीत पुण्याभोवतीच्या डोंगरांत सूक्ष्मपाषाणांचा आणि मातृदेवतांच्या ठाण्यांचा शोध, असा क्रम. त्या वर्षी त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. १८५९ साली मांडलेले हे गृहीतक मूळ संख्यांच्या वाटणीविषयी आहे. गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न तो हाच, आणि आजही तो अनुत्तरितच आहे. कोसंबींची वाट संभाव्यताशास्त्राची होती. ढोबळमानाने सांगायचे तर, यदृच्छेने निवडलेल्या संख्यासमूहांना जे ‘बहुतेक नेहमी’ लागू पडते, ते मूळ संख्यांच्या एकमेव, ठरलेल्या मालिकेलाही लागू आहे असे मानून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. तज्ज्ञांना नेमके तेच पाऊल मान्य नव्हते.

हा निबंध छापला कुठे? ‘इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’च्या नियतकालिकात. ही संस्था हलकी मुळीच नव्हती. पां. वा. सुखात्मे यांच्यासारख्या मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४७ मध्ये ती निघाली आणि डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष होते. पिकांच्या उत्पन्नाची नमुना-पाहणी कशी करावी, यासारख्या विषयांत तिच्या नियतकालिकाचा शब्द वजनदार होता. परंतु मूळ संख्यांवरील निबंध पारखणारा परीक्षक तिथे असण्याचे कारण नव्हते. व्याकरणावरचा प्रबंध वैद्यांच्या परिषदेत वाचावा, तसा हा प्रकार. वैद्य भले कितीही निष्णात असोत.

कोसंबींनी हा पत्ता का निवडला असावा? परीक्षकांविषयीची अढी अनेक मोठ्या माणसांत असते. १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ने आइन्स्टाइनचा निबंध एका परीक्षकाला दाखविला, तेव्हा आइन्स्टाइन संतापले आणि तो मागे घेऊन त्यांनी दुसरीकडे दिला. पण त्या परीक्षकाचा आक्षेप रास्त होता. तो वेगळ्या वाटेने आइन्स्टाइनपर्यंत पोहोचला आणि १९३७ साली निबंध छापून आला तो दुरुस्त होऊनच. शिवाय सर्वच थोर नियतकालिकांत परीक्षकांची प्रथा तेव्हा पक्की नव्हती. रॉयल सोसायटीत ती १८३० च्या दशकापासून होती, ‘नेचर’ने मात्र ती सर्व निबंधांना सक्तीची केली १९७३ साली. तेव्हा कोसंबींनी कोणताही नियम मोडला नव्हता. खटकते ते निराळेच. एका पोथीवर विसंबू नये, दुसरी साक्ष मिळाल्यावाचून पाठ निश्चित करू नये, ही शिस्त भर्तृहरीच्या बाबतीत त्यांनी ज्या कठोरपणे पाळली, ती स्वतःच्या संहितेबाबत सैल सोडली. परीक्षक म्हणजे तरी दुसरे काय? छापण्याआधी मागितलेली दुसरी साक्षच ती.

परिणाम कठोर झाला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. होमी भाभांशी आलेला दुरावा, अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी धरलेला आग्रह, राजकीय मते अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांत या निबंधाने झालेली नाचक्की हमखास असते. आमच्या मते ते एकच कारण मानणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. चुकीच्या सिद्धतेने गणितीची नोकरी जावी, तर गणिताचे विभाग ओस पडतील. त्यानंतर मूळ संख्यांवरचे त्यांचे काही निबंध ‘एस. डुक्रे’ या नावाने प्रसिद्ध झाले. मराठी कानाला त्या नावात काय ऐकू येते, ते सांगायला नकोच. बुर्बाकीला जन्म देणारा विनोदी माणूस शेवटपर्यंत जागा होता, एवढे खरे.

याच काळात देवळालीच्या एका शाळेत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. फर्ग्युसनचेच विद्यार्थी, पदव्युत्तर शिक्षण नाही. ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडले. १९५५ साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ने त्यावरील त्यांचे टिपण छापले. त्यांचे बाकीचे बरेचसे लेखन स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत राहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाने त्यांची दखल घेतली. एकाजवळ पदवी, प्रतिष्ठा आणि ओळखी असून त्याने परीक्षक टाळला. दुसऱ्याला परीक्षकाच्या दारापर्यंत पोहोचणेच दुर्घट होते. दोघांना एका तागडीत घालू नये.

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावातून पुण्याला संशोधनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न निराळ्या रूपात भेटला. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक तरी निबंध छापलेला असणे सक्तीचे केले. २०२२ मध्ये ती सक्ती उठली, पण तोवर पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचा बाजार भरला होता. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये अनुदान आयोगाच्या यादीतील १,००९ नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली. ३४.५ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांवरच बाद झाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहिती चुकीची होती किंवा उपलब्धच नव्हती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती. त्यानंतर पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून ‘केअर’ यादी झाली, ती आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. आता पारख करणे पुन्हा ज्याच्या त्याच्या विद्यापीठाकडे आणि मार्गदर्शकाकडे आले आहे. मराठीच्या विभागांनी हा विज्ञानवाल्यांचा प्रश्न समजू नये. आमच्या बढतीच्या फायलींतही तीच नियतकालिके होती.

कोसंबी २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच वारले. त्याच्या काही दिवस आधी त्यांनी मूळ संख्यांवरील आपल्या पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे टपालाने रवाना केले होते. ते पुस्तक निघाले नाही, आणि ते हस्तलिखितही अभ्यासकांच्या हाती लागलेले नाही.