सातबारा लिहिणारे हात

१८१८च्या एप्रिलमध्ये जेम्स ग्रँट कंपनीचा पोलिटिकल एजंट म्हणून साताऱ्यात आला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. ज्यांच्या नावाने त्याने राज्य चालवायचे ते प्रतापसिंह महाराज पंचवीस वर्षांचे. मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता म्हणून ग्रँट डफ आपल्याला ठाऊक असतो (डफ हे आडनाव त्याने पुढे जोडले), पण ते पुस्तक निघायच्या आधीची चार वर्षे तो एक वेगळेच काम करत होता. बालपण पहाऱ्यात गेलेल्या छत्रपतींना तो राज्यकारभार शिकवत होता. ५ एप्रिल १८२२ रोजी ती शिकवणी संपली असे ठरले आणि अधिकार महाराजांच्या हाती आले. पुढे १८३९मध्ये कंपनीनेच त्यांना पदच्युत केले, ती कथा निराळी.

या प्रसंगात मला रस आहे तो एवढ्यासाठी, की कारभार करणाराला कारभार शिकवावा लागतो हे या मुलुखात दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी गृहीत धरले होते. मात्र शिकवणी फक्त वर झाली. खाली गावात जो खरा कागद लिहीत होता, त्या कुलकर्ण्याला कुणी शिकवले नाही. त्याची गरजही नव्हती. वतन बापाकडून मुलाकडे जाई, आणि मोडीचे वळण, रुमाल बांधण्याची पद्धत, कोणते शेत कुणाचे नि कोणता बांध कुठून फिरतो हे ज्ञानही त्याच वाटेने जाई. ते ज्ञान पक्के होते. पण ते एका घराच्या मालकीचे होते. गावाला कागद पाहायचा तर त्या घराची पायरी चढावी लागे.

१९०३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली आणि गावच्या दप्तराला कायद्याची चौकट मिळाली. अँडरसनच्या महसुली हिशेबाच्या पुस्तिकेने गाव नमुने पक्के केले. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले आणि 'सातबारा' हा शब्द मराठीत असा रुळला की तो सरकारी आकडा आहे हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही. १९५१मध्ये कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी सर्वत्र आला. याच सुमारास, १९४९ साली, जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला. १९६०मध्ये त्याचे नाव सांगली झाले. तलाठ्याला विभागीय परीक्षा होती, मोजणी शिकणे होते, तगादा, पंचनामा आणि नोटीस होती. तो ज्येष्ठ तलाठ्याच्या हाताखाली शिकायचा, म्हणजे कुलकर्ण्याच्या मुलासारखाच, फक्त रक्ताचे नाते वगळून. मोडी मात्र याच काळात सुटली. आज जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरावे लागले, त्याचे मूळ इथे आहे.

संगणक या भागात आला तो आधी महसूल खात्यातून नव्हे, उसातून. १९९८ साली वारणानगरला केंद्र धरून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारचा, थोडा वारणा समूहाचा. गावोगावच्या केंद्रांतून बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, जमिनीचे उतारे सगळे मिळेल असे चित्र रंगवले होते. प्रत्यक्षात शेतकरी तिथे जायचा ते उसाची तोड कधी, वजन किती भरले आणि खत किती उचलले हे विचारायला. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्तात झाले. या प्रयोगाला कुणी फसलेला म्हणतात. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याने स्वतःच सांगितले की मला यातले एवढेच हवे आहे. ते आधी विचारायचे राहून गेले होते, इतकेच.

सातबाऱ्याचे संगणकीकरण याहून अवघड, कारण इथे चूक झाली तर माहिती नव्हे, जमीन जाते. पहिल्या टप्प्यात हस्तलिखित उतारे तहसील कार्यालयांत टंकून घेतले गेले. टंकणाराला गाव माहीत नव्हते. एकर-गुंठे हेक्टर-आर झालेले, कुठे आणेवारीत लिहिलेले हिस्से, एकाच माणसाची तीन प्रकारे लिहिलेली नावे, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा. कागदावर हे सगळे नांदत होते, कारण वाचणारा तलाठी मनातल्या मनात दुरुस्त करत होता. संगणक मनातल्या मनात काही करत नाही. क्षेत्राचा मेळ बसला नाही की तो अडतो.

म्हणून मग ई-फेरफार आला तेव्हा आधी एडिट, मग री-एडिट, आणि २०१७मध्ये गावोगाव चावडी वाचन. उतारा लोकांपुढे वाचून दाखवायचा आणि हरकत घ्यायची. मला या सगळ्या मोहिमेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, आणि तो सर्वांत जुना आहे. तलाठ्यांना प्रशिक्षण मिळाले. यशवंतराव चव्हाणांचे नाव असलेली यशदा पुण्यात आहे, आणि यशवंतराव मूळ देवराष्ट्र्याचे, म्हणजे तेव्हाच्या साताऱ्याचे आणि आजच्या सांगलीचे. पण जे तलाठी मला भेटले त्यांच्या बोलण्यातून दिसते ते असे, की वर्गात कोणते बटण कधी दाबायचे हे शिकवले गेले. बाकीचे ते एकमेकांकडून व्हॉट्सॲपवर शिकले. कोरेगावकडचा एक तलाठी म्हणाला, ''सर, आम्हाला स्क्रीन दाखवली. स्क्रीन करताना आम्हाला कुणी विचारलं नाही.''

हा फरक कुठे बोचतो ते माझ्या घरातल्या एका उताऱ्यावरून सांगतो. माझ्या आत्याचे नाव वडिलांच्या जमिनीवर 'इतर हक्क' या रकान्यात होते. बहिणींची नावे कब्जेदार सदरी न लावता तिकडे ढकलण्याची आपल्याकडची जुनी रीत. एका तालुक्यात उतारा टंकला गेला तेव्हा तो रकाना तेवढा रिकामा राहिला. चावडी वाचनात कब्जेदारांची नावे वाचली गेली, ती सगळी बरोबर होती, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. आत्या तर त्या गावात राहतच नव्हती. पुढे महसूल संहितेच्या कलम १५५खाली, लेखनप्रमाद म्हणून, ते नाव परत लागले, कारण नव्याने आलेल्या तरुण तलाठ्याने कपाटातला हस्तलिखित उतारा स्वतः काढून शेजारी ठेवला. त्याला ते प्रशिक्षणात सांगितले नव्हते. त्याच्या आधीच्या भाऊसाहेबांनी चार्ज देताना सांगितले होते, ''इतर हक्क आधी बघायचा.''

१ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या, कुणाची पायरी न चढता. कुलकर्ण्याच्या ओटीवर ताटकळलेल्या पिढ्यांच्या हिशेबात ही छोटी गोष्ट नाही, आणि तलाठ्यांच्या तक्रारी ऐकताना मी ती विसरू इच्छित नाही. खरेदीदस्त झाला की दुय्यम निबंधकाकडून माहिती आपोआप पुढे जाते, तलाठी नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीचे, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद कुठे अडली ते आता दिसते. पूर्वी ती टेबलाच्या खणात अडत असे.

बाराव्या नमुन्याचे मात्र वेगळेच झाले. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून, फोटोसह करायची असे ठरले. म्हणजे गाव दप्तरातला एक नमुना पहिल्यांदाच खातेदाराच्या हातात गेला, आणि ज्याला शिकवायचे तो माणूसही बदलला. माणमध्ये गेल्या खरिपात मी पाहिले: बाजरीच्या कडेला चार-पाच जण उभे, नातू आजोबांचा गट नंबर टाकतोय, आणि बाजूला तलाठी, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पुन्हा पुन्हा सांगतोय, ''अण्णा, बांधावरनं नको, आत जाऊन फोटो काढा.''