देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

"डोकं गंजायला लागलंय" ही आमच्या बाबांची रिटायर झाल्यापासूनची तक्रार. पेपरातलं सुडोकू पुढे सरकवून पाहिलं. "जन्मभर बँकेत चौकटीच भरल्या की रे," म्हणाले. मग एका रविवारी मी त्यांना कापरेकरांची वजाबाकी घातली.

तुम्हीही करून बघा. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. (शून्य गाळायचं नाही हं.) कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. तिथून गाडी हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा जन्म डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. एवढं असून १९३० ते १९६२ माणूस देवळालीला शाळामास्तर! पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी कागद-पेन्सिल. त्यांनी ज्या संख्या हुडकल्या त्यांना नावंसुद्धा आपल्या गावांची दिली. डोंबिवली स्टेशनवरून 'डेम्लो' संख्या. आणि ज्या संख्येला 'आईबाप' नाहीत ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या. म्हणजे असं: १५ मध्ये त्याचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून २१ चा जनक १५. पण २० कशातूनच येत नाही. २० स्वयंभू!

६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. (१९४९ लाही सातच पायऱ्या लागतात, मोजा हवं तर.) आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे सगळं पोरखेळ वाटलं. मास्तर लहानसहान नियतकालिकांत लिहीत, पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्याही केल्या. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. तोवर मास्तर सत्तरीचे. १९८६ साली ते गेले.

पोरखेळ म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होतो. नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात बसून ६१७४ चा प्रोग्राम लिहिला. ०००० ते ९९९९, सारखे अंक वगळून ९९९० संख्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या तपासून झाल्या. उत्तर बरोबर, विषय संपला. चहा प्यायला गेलो. त्या नव्वद ओळी लिहिताना माझ्या डोक्याला काडीचाही व्यायाम झाला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

बाबांनी मात्र जुनी डायरी काढली. पहिल्या दिवशी हातचे चुकले, चिडले, खोडलं. आठवड्याभरात सगळ्यांचे वाढदिवस, लग्नाच्या तारखा, स्कूटरचा नंबर ६१७४ ला पोचवून झाले. मग स्वतःहून तीन अंकांकडे वळले आणि ४९५ ला जाऊन थडकले. त्या दिवशी रात्री साडेदहाला फोन! "अरे, इथेही तेच होतं!" त्यांचा इतका उत्साही आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

आता पाच अंकी चाललंय. ६१९७४ वरून ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४ आणि परत ६१९७४. आपलंच चुकतंय समजून चौथ्यांदा तपासत बसलेत. पाच अंकांना असा एक मुक्काम नाहीच, गोल गोल फिरायचं असतं, हे सांगायला मी परवा तोंड उघडलं.

"गप्प बस," म्हणाले. "पेन्सिल दे इकडे."