केसांच्या लाटा : अग्नीच्या आणि पाण्याच्या

केसांस लाटा देण्याची गोष्ट निघाली, कीं डोळ्यांपुढें तापलेला चिमटा उभा राहतो. त्याची परंपराही जुनी आहे. प्राचीन रोममध्यें धातूची नळी तापवून केस कुरळे करीत. १८७२ च्या सुमारास पॅरिसच्या मार्सेल ग्रातो यानें तप्त चिमट्याची लाट लोकप्रिय केली. चिमटा प्रथम कागदावर दाबून पाहात. कागद करपला तर केसांची काय गति होईल, हें सांगावयास नको!

१९२० नंतर युरोप-अमेरिकेंत ओल्या केसांची रीत बहरली. साहित्य थोडें : पाणी, जवस उकळून काढलेला चिकट रस, फणी, चाप आणि बोटें. बट एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे वळवावयाची, मधला उंचवटा बोटांनीं दाबून धरावयाचा, चाप लावावयाचे आणि केस पूर्ण वाळूं द्यावयाचे.

यामागील कारण सोपें आहे. केसांतील कांहीं नाजूक बंध पाण्यानें सुटतात आणि वाळतांना नव्या वळणांत पुन्हां जुळतात. ओल्या केसांची वेणी रात्रभर ठेवून सकाळीं सोडली असतां दिसणारीं नागमोडी वळणें याच नियमाचीं. त्यासाठीं पॅरिस नको. मुरबाड तालुक्यांत, माळशेजच्या वाटेवरील टोकावड्यासही तीं फुकट पडतात.

मात्र पाण्यानें दिलेलें पाणीच परत नेतें. टोकावड्याच्या आषाढांतील दमट हवेंत ही लाट फार वेळ टिकावयाची नाहीं. पण मोडलेली लाट उद्यां पुन्हां घालतां येते. करपलेला केस पूर्ववत् होत नाहीं.