दुर्बलतेतील सामर्थ्य

माणसाचे बळ सरते तेथे देवाच्या कृपेवर विसंबून उभे राहण्याची ख्रिस्ती श्रद्धा. तिचा मुख्य आधार करिंथकरांस पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपेचे आश्वासन मात्र मिळाले. हा काटा कोणता, यावर भाष्यकारांचे एकमत नाही.

पुण्याकडे निघालेल्या गाडीला बोरघाट चढता यावा म्हणून कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. देवाचे साहाय्यही असेच, असे मानणे सोपे आहे. पौलाचे म्हणणे त्याहून अवघड आहे. कमी पडलेल्या बळात वरून भर पडते, असे तो सांगत नाही. दुर्बलता जागची हलत नाही आणि काम तिच्यातूनच होते.

महाराष्ट्रात या श्रद्धेची सर्वांत मोठी साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२). आईवडील व बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही. वैद्यक शिकायला त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे ती वाट बंद झाली. त्याच वर्षी वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ऐकू येण्याची अडचण त्यांना जन्मभर पुरली.

१८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यास नेले. १८९६ च्या सुमारास खोपोलीच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर लोणावळ्यात ख्रिस्ती उपासकांचे शिबिर भरले होते. रमाबाईंबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पंधराचा वर्ग, म्हणजे २२५ मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. हाताशी पैसा बेताचा, त्यात ही मागणी! लवकरच मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या स्वतः तिकडे जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर विसंबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हा गैरसमज मुक्तीच्या आवारात टिकत नाही. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, माग आणि छापखाना चालला. परदेशातील स्नेह्यांना पत्रेही जात. प्रार्थना आणि काबाडकष्ट यांत रमाबाईंनी भिंत घातली नाही, आणि हीच त्यांच्या श्रद्धेची खरी ओळख होय.

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर तोवर पूर्ण झाले होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्या बायकांच्या हातांनी छापले गेले.