गोल्फ कार्ट : सार्वजनिक रस्त्यावरील वापर

गोल्फच्या मैदानावर खेळाडू व त्यांचे साहित्य वाहून नेण्यासाठी बनवलेली हलकी चारचाकी गाडी. ती बहुधा बॅटरीवर, क्वचित पेट्रोलवर चालते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे 1954 मध्ये स्थापन झालेली ई-झेड-गो ही या गाड्यांच्या जुन्या उत्पादकांपैकी एक. निवृत्तांच्या वसाहती व आखीव उपनगरे वाढली, तशी ही गाडी मैदानाबाहेर बाजारहाट, शाळा व शेजार यांसाठी वापरात आली. जॉर्जियातील पीचट्री सिटी आणि फ्लोरिडातील द व्हिलेजेस ही याची ठळक उदाहरणे असून तेथे कार्टसाठी स्वतंत्र मार्गांचे जाळे आहे. असा मार्ग नसेल तेथे कार्ट मोटारींच्या रहदारीत येते, आणि तिची कायदेशीरता व सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात.

कायदेशीर वर्ग : मूळ गोल्फ कार्टचा वेग अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार ताशी 15 मैलांपर्यंत (सु. 24 किमी.) मर्यादित असतो. ताशी 20 मैलांपेक्षा (सु. 32 किमी.) अधिक वेग न गाठणारे असे वाहन संघराज्याच्या मोटार सुरक्षा नियमांखाली येत नाही, ते रस्त्यावर येऊ द्यायचे की नाही हे राज्ये व नगरपालिका ठरवतात. जून 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सुरक्षा मानक क्र. 500 जारी करून ‘लो-स्पीड व्हेइकल’ (एलएसव्ही) हा नवा वर्ग निर्माण केला. सपाट, पक्क्या रस्त्यावर एक मैल अंतरात ताशी 20 पेक्षा जास्त पण 25 मैलांपेक्षा (सु. 40 किमी.) जास्त नाही इतका वेग गाठणारी चारचाकी या वर्गात मोडते. भारासह तिचे वजन 3,000 पौंडांपेक्षा (सु. 1,360 किग्रॅ.) कमी असावे लागते. कार्टचा वेग वाढवून तो 20 मैलांपलीकडे नेला, की मालकाच्या मनात असो वा नसो, गाडीचा कायदेशीर वर्ग बदलतो.

आवश्यक साधने : मानक 500 नुसार पुढील गोष्टी लागतात : हेडलाइट, पुढचे व मागचे इंडिकेटर, टेललाइट व ब्रेकलाइट, दोन्ही बाजूंना मागच्या अंगास व पाठीमागे लाल रिफ्लेक्टर, चालकाच्या बाजूचा बाहेरील आरसा आणि त्याशिवाय दुसऱ्या बाजूचा किंवा आतला आरसा, पार्किंग ब्रेक, प्रमाणित पुढची काच, प्रत्येक आसनाला सीटबेल्ट, आणि 17 अक्षरांकांचा वाहन ओळख क्रमांक. मागे पाहण्याचा कॅमेरा आणि विद्युत वाहनांनी पादचाऱ्यांसाठी करावयाचा इशाऱ्याचा आवाज यांची भर नंतर पडली. मैदानावरील कार्टला असणारी घडीची साधी ॲक्रिलिक काच येथे चालत नाही. बदलीची काच घेताना तिच्या कोपऱ्यात कोरलेली ‘एएस-1’ ही खूण पाहून घ्यावी.

दिव्यांची वायरिंग : बहुतेक विद्युत कार्ट 36 किंवा 48 व्होल्टवर चालतात, तर दिवे व हॉर्न 12 व्होल्टचे असतात. बॅटऱ्यांच्या रांगेतील एक-दोन बॅटऱ्यांवरूनच दिव्यांची तार काढण्याची पद्धत सर्रास आढळते. तसे केल्यास त्याच बॅटऱ्या अधिक उतरतात, चार्जर मात्र सर्वांना सारखाच भार देतो आणि संपूर्ण संच अकाली निकामी होतो. सर्व बॅटऱ्यांच्या दोन टोकांना जोडलेला व्होल्टेज कन्व्हर्टर, बॅटरीजवळ फ्यूज आणि प्रत्येक दिव्याला थेट चॅसिसऐवजी परतीची स्वतंत्र तार ही योग्य रचना होय. अंधारात मध्येच विझणारा टेललाइट हा मुळात नसलेल्या दिव्याइतकाच घातक असतो.

ब्रेक : या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग. मानक 500 पार्किंग ब्रेक मागते; थांबण्याच्या अंतराची चाचणी मागत नाही. बहुसंख्य कार्टना फक्त मागच्या दोन चाकांना, केबलने ओढले जाणारे ड्रम ब्रेक असतात. मैदानाच्या वेगाला ते पुरतात. वेग 15 वरून 25 मैलांवर नेल्यास गाडीची गतिज ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते, आणि ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांकडे सरकल्यामुळे मागच्या चाकांची पकड नेमकी तेव्हाच कमी होते. ती चाके जागीच अडकून गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. म्हणून वेग वाढवणाऱ्याने पुढच्या चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवल्याखेरीज रस्त्यावर उतरू नये. कायद्याने मागितलेले नाही म्हणून ते अनावश्यक ठरत नाहीत. मैदानी टायर बदलून रस्त्याचे टायर घालणेही तितकेच निकडीचे. लिफ्ट किटने गाडी उंच केल्यास गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती कलंडू शकते.

प्रवासी बाहेर फेकले जाणे : 1990 ते 2006 या काळात अमेरिकेत गोल्फ कार्टमुळे सुमारे 1 लाख 48 हजार व्यक्ती जखमी झाल्याचा अंदाज 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात मांडला आहे. त्यांत जवळजवळ एक-तृतीयांश 16 वर्षांखालील मुले होती आणि गाडीतून पडणे हे सर्वाधिक आढळणारे कारण होते. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याने वेगात डावे वळण घेतले की शेजारचा प्रवासी उजवीकडे, म्हणजे दार नसलेल्या बाजूला ढकलला जातो. आसनाच्या कडेची दांडी कमरेइतकीही उंच नसते, त्यामुळे ती त्याला अडवू शकत नाही. चालकाच्या हाताला निदान स्टिअरिंग असते. पाय जमिनीला न टेकणाऱ्या लहान मुलाला कसलाच आधार नसतो. हलक्या छताच्या साध्या कार्टला सीटबेल्ट असावा का, याविषयी मतभेद आढळतात. एलएसव्हीसाठी तो बंधनकारक आहे. बेल्टची टोके चॅसिसला किंवा तिला जोडलेल्या पोलादी चौकटीला बोल्टने आवळावीत. प्लास्टिकच्या अंगाला किंवा आसनाच्या लाकडी फळीला स्क्रूने बसवलेला बेल्ट दिसायला बेल्ट असतो, धक्क्याला तो उपटून येतो.

फ्लोरिडातील पद्धत : एलएसव्हीत रूपांतरित केलेली कार्ट राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या कार्यालयात तपासणीसाठी न्यावी लागते, मंजुरीनंतर ओळख क्रमांक, मालकीपत्र व नंबरप्लेट मिळते. एलएसव्ही ताशी 35 मैल (सु. 56 किमी.) किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यांवरच चालवता येते व परवाना आवश्यक असतो. रूपांतर न केलेली कार्ट स्थानिक शासनाने ठरवून दिलेल्या रस्त्यांपुरती मर्यादित असते. 1 ऑक्टोबर 2023 पासून तीही चालवण्यासाठी 18 वर्षांखालील व्यक्तीस शिकाऊ किंवा पक्का परवाना लागतो.

विमा : फ्लोरिडात एलएसव्हीला बंधनकारक.

भारत : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधील ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरायची खास वाहने वगळली आहेत. त्यामुळे हॉटेल, रुग्णालय वा गृहसंकुलाच्या आवारात कार्ट चालते. फाटकाबाहेर ती सवलत संपते. मोटरीची ताकद 0.25 किलोवॉटपेक्षा व वेग ताशी 25 किमी.पेक्षा कमी असलेल्या बॅटरी वाहनांना मिळणारी सूटही तिला लागू पडत नाही, कारण तिची मोटर काही किलोवॉटची असते. दिवे, आरसे लावून कार्टचे आरटीओ पासिंग करून घेण्याची अमेरिकेसारखी वाट येथे नाही. वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी आधी असावी लागते. लहान, हलक्या चारचाकीसाठी क्वाड्रिसायकल हा वेगळा वर्ग असून पुण्याच्या बजाज ऑटोची क्यूट त्यात मोडते. दोन संकुलांमधला सार्वजनिक रस्ता ओलांडण्यापुरतीही कार्ट बाहेर काढणे म्हणूनच नियमबाह्य ठरते, आणि आतील रहिवाशांची ने-आण करणाऱ्या कार्टलाही बेल्ट, ब्रेक व वेगमर्यादा यांची गरज तेवढीच राहते.